बाबांची आठवण, तीन मिनिटांत

बाबांच्या अंत्यविधीच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या कॅथोलिक उपासनेत, घरातल्या एका माणसाला बोलता येईल, असं फादरांनी सांगितलं. प्रभुभोजनानंतरची प्रार्थना झाली की बोलायचं, अखेरच्या निरोपाचा विधी सुरू होण्याआधी. वेळ तीन मिनिटं, आणि जे बोलायचं ते लिहून आणायचं. घरात सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. दादा बाबांच्याच धंद्यातला, पण हातात कागद घेऊन लोकांसमोर उभं राहणं त्याच्या स्वभावात नाही. ताईला तर बाबांचं नाव काढलं की हुंदका आवरत नव्हता. आई म्हणाली, "धाकटी लिहील," आणि विषय संपला.

निघताना फादर दारात थांबले. म्हणाले, "एक लक्षात ठेव. गौरवाचं भाषण नको." मिस्साच्या नियमांमध्ये तसं स्पष्टच आहे, अंत्यविधीच्या मिस्सात छोटं प्रवचन असावं, पण मृत व्यक्तीची स्तुती करणारं भाषण नसावं. "तुझे बाबा कसे होते ते मला ठाऊक आहे. पण उद्या आपण देवाची दया मागायला जमणार आहोत. ऐकणाऱ्याला त्यांच्यासाठी प्रार्थना करावीशी वाटेल असं काहीतरी सांग."

त्या घडीला ते मला कठोर वाटलं. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात रविवारचा मिस्सा चुकवला नाही, चर्चच्या छताची गळती काढायला जो भर पावसात कौलांवर चढला, त्याच्याविषयी चार चांगले शब्द बोलायला अडचण कसली? पण रात्री कागद पुढे घेऊन बसले आणि सुचत गेलं ते असं : प्रेमळ पिता, श्रद्धाळू ख्रिस्ती, कष्टाळू बांधकाम करणारा, नातवंडांचे लाडके आजोबा. वाचून पाहिलं. यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं, आणि यात बाबा कुठेच नव्हते. हेच शब्द कुणाच्याही वडिलांना लागू पडले असते. फादरांनी स्तुतीचं दार बंद केलं होतं त्यामुळे मला दुसरं दार शोधणं भाग पडलं, आणि आज वाटतं ते बरंच झालं.

सुरुवात बाबांच्या वह्यांपासून केली. प्रत्येक कामाची त्यांची एक मोजमापाची वही असायची. पहिल्या पानावर वर मधोमध छोटा क्रूस, खाली तारीख, मग पायाची लांबी-रुंदी-खोली, विटांचा हिशोब, सिमेंटच्या गोणी, सळयांचं वजन. मागच्या पानांवर मजुरांची हजेरी आणि दिलेला रोज. अक्षर सुबक नव्हतं, पण आकडा कुठे खोडलेला नाही. या वह्या मी लहानपणापासून बघत होते. त्यांच्या मागच्या कोऱ्या पानांवर मी चित्रंही काढली आहेत. पण त्या रात्री पहिल्यांदा मी समासात काय लिहिलंय ते वाचलं.

समासात नावं होती. कुणा गवंड्याचं, कुणा सेंट्रिंगवाल्याचं, घर बांधून घेतलेल्या कुणा म्हाताऱ्या बाईंचं. नावापुढे तारीख आणि 'मिस्सा' एवढाच शब्द. मी आईला विचारलं. ती सहज म्हणाली, "त्यांच्याबरोबर काम केलेलं कुणी गेलं की ते फादरांना त्याच्या नावाने मिस्सा करायला सांगायचे. तो आपल्या धर्माचा नसला तरी. तुला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. दादा त्यांच्याबरोबर इतकी वर्षं काम करत होता, त्यालाही माहीत नव्हतं. फादर जे मला दारात उभं राहून सांगत होते, की मृतांचं स्मरण करणं म्हणजे त्यांच्यासाठी मागणं, ते बाबा सिमेंटच्या हिशोबाच्या शेजारी करत आले होते. पहिलं वाक्य तिथे मिळालं. मी कागदावर लिहिलं : 'बाबा आपल्या मेलेल्या सोबत्यांसाठी मिस्सा सांगत असत. आज आम्ही त्यांच्यासाठी तेच मागायला आलो आहोत.'

वाचनं निवडणं हा याच कामाचा दुसरा भाग होता. फादरांनी अंत्यविधीसाठी ठरलेल्या वाचनांची यादी दिली होती आणि म्हणाले होते, त्यातून निवडा. दादाचं म्हणणं, स्तोत्र 127 घ्यायचं. 'परमेश्वर घर बांधत नाही तर बांधणाऱ्यांचे श्रम व्यर्थ' हे. बाबा कुठल्याही घराचा पाया घालताना ते म्हणायचेच. पण ते यादीत नव्हतं. दादा हिरमुसला. यादीत 23 होतं, 27 होतं, 122 होतं, 130 होतं. मी 42 आणि 43 ही जोडून घेतलेली स्तोत्रं मोठ्याने वाचत होते, आणि 'मग मी देवाच्या वेदीकडे जाईन' ही ओळ आली तेव्हा आईने हात वर करून मला थांबवलं.

"हे तेच नाही का? ते परांचीवर चढताना पुटपुटायचे ते?"

बाबा लहानपणी मिस्सात वेदीसेवक होते, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या, म्हणजे जगभरच्या कॅथोलिक बिशपांच्या सभेच्या, आधी. परिषद 1962 ते 1965 या काळात झाली आणि त्यानंतर मिस्सा लोकांच्या भाषेत आला. त्याआधी सगळं लॅटिनमध्ये असायचं. मिस्साच्या सुरुवातीला वेदीच्या पायऱ्यांशी उभं राहून धर्मगुरू म्हणायचे, 'मी देवाच्या वेदीकडे जाईन', आणि सेवक उत्तर द्यायचा, 'आद देउम क्वी लेतीफिकात युवेंतूतेम मेआम', माझ्या तारुण्याला आनंद देणाऱ्या देवाकडे. सात-आठ वर्षांच्या मुलाला ते घोकून पाठ करायला लागायचं. बाबांना ते शेवटपर्यंत पाठ होतं. परांचीच्या पहिल्या फळीवर पाय ठेवताना ते ही ओळ म्हणत. आम्हा मुलांना तो कामाच्या आधीचा काहीतरी मंत्र वाटायचा. पूर्ण स्तोत्रात ती ओळ कुठल्या दुःखातून वर येते, 'माझ्या जिवा, तू का खिन्न झालास' असं स्वतःलाच विचारत, ते मी त्या रात्री नीट वाचलं. स्तोत्र तिथल्या तिथे ठरलं. दादासुद्धा मानला.

दुसरं वाचन पौलाच्या करिंथकरांना दुसऱ्या पत्रातून घेतलं, पाचव्या अध्यायातलं. पृथ्वीवरचं आपलं राहतं घर मोडलं तरी हातांनी न बांधलेलं, देवाने दिलेलं घर स्वर्गात आहे, असं त्यात म्हटलंय. जन्मभर हातांनी घरं बांधलेल्या माणसासाठी याहून योग्य वाचन मला सुचत नाही. शुभवर्तमान योहान 14. पित्याच्या घरात पुष्कळ खोल्या आहेत, मी तुमच्यासाठी जागा तयार करायला जातो. ते आईने निवडलं आणि कुणी कारण विचारलं नाही.

आदल्या संध्याकाळच्या जागरण प्रार्थनेला बाबांची जुनी माणसं आली. काहींना मी लहानपणापासून ओळखत होते, काहींना पहिल्यांदाच पाहत होते. जपमाळ झाल्यावर मी एकेकापाशी जाऊन बसले आणि प्रत्येकाला एकच विचारलं : बाबांचं असं काही सांगा जे आम्हाला घरी दिसलं नसेल. 'फार चांगला माणूस' हे उत्तर आलं की थोडं थांबायचं. गप्प बसलं की माणसं पुढचं बोलतात, हे मला तिथे कळलं.

एक वयस्क गवंडी बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "सांगू का? तुझ्या बाबांनी माझी भिंत पाडायला लावली होती."

त्यांनी उभारलेली पुरुषभर उंचीची भिंत. बाबा आले, ओळंबा सोडला, वरून खाली पाहिलं आणि सगळ्यांसमोर ओरडले. भिंत ओळंब्यात नव्हती हे खरंच होतं, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. विटाही पुरेशा भिजवलेल्या नव्हत्या, आणि कोरडी वीट मसाल्यातलं पाणी ओढून घेते, मग सांधा धरत नाही. भिंत पाडायलाच हवी होती. पण बाबा जे बोलले ते भिंतीविषयी नव्हतं, त्यांच्याविषयी होतं, त्यांच्या बापाविषयी होतं, आणि ते त्यांच्या मुलासमोर होतं. मुलगा तिथेच घमेलं उचलत होता. "मी अवजारं उचलली आणि घरी गेलो. ठरवलं, या माणसाचं काम परत करायचं नाही."

तो गुरुवार की शुक्रवार होता. शनिवारी बाबा नेहमीप्रमाणे पापनिवेदनाला, म्हणजे धर्मगुरूंकडे आपली पापं कबूल करायला, गेले. सोमवारी सकाळी ते या गवंड्यांच्या दारात हजर. घरात क्षमा मागितली असती तरी चाललं असतं, पण बाबा म्हणाले, कामावर चला, जिथे बोललो तिथेच मागायची आहे. आणि तिथे, सगळी माणसं उभी असताना, आधी त्यांच्या मुलाकडे वळून म्हणाले, "तुझ्या वडिलांना मी जे बोललो ते चुकीचं होतं. भिंत चुकली होती, माणूस नाही." मग त्यांच्यासमोर हात जोडले. त्यानंतर दोघांनी मिळून पायापासून विटा लावल्या.

"ती भिंत आजही उभी आहे," गवंडी म्हणाले, "आणि माझा पोरगा आता स्वतः कामं घेतो."

पापनिवेदनाच्या खोलीत काय बोललं गेलं ते कुणालाच कधी कळणार नाही, कळूही नये. धर्मगुरूला ते जिवावर बेतलं तरी उघड करता येत नाही. पण शनिवारच्या अलीकडचा माणूस आणि पलीकडचा माणूस यांतला फरक त्या कामावरच्या सगळ्यांनी पाहिला होता. आम्ही मुलं बाबांच्या शनिवारच्या त्या फेरीला सवय समजत होतो.

हे लिहायचं की नाही यावर घरात वाद झाला. दादाचं मत, वडील ओरडले, शिव्या दिल्या, हे त्यांच्या पेटीशेजारी उभं राहून सांगायचं नसतं. ताईही त्याच्या बाजूची. मला ते सांगायचंच होतं, कारण ऐकल्यावर मला स्वतःला बाबांसाठी प्रार्थना करावीशी वाटली, जी 'प्रेमळ पिता' वाचून वाटली नव्हती. क्षमेची गरज ज्याला पडली त्याच्यासाठीच क्षमा मागता येते. ज्याचं काहीच चुकलं नाही अशा माणसासाठी मिस्सा कशाला सांगायचा? आईने दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सांग. तो माणूस उद्या तिथे असणार आहे. त्याच्यासमोर खोटं चित्र उभं करू नकोस." मात्र त्या गवंड्यांना विचारल्याशिवाय मी ते घेणार नव्हते. फोन केला. ते म्हणाले, "माझं नाव घेतलंस तरी चालेल." मी नाव घेतलं नाही.

दादाची एक इच्छा मात्र पुरी झाली नाही. त्याला बाबांचा ओळंबा आणि थापी पेटीवर ठेवायची होती. फादरांनी समजावून सांगितलं. मिस्साच्या वेळी पेटीवर पांढरं वस्त्र घालतात, ते स्नानसंस्काराच्या (बाप्तिस्म्याच्या) पांढऱ्या वस्त्राची आठवण असते, आणि त्या वस्त्राखाली सगळे सारखेच असतात, महागुरू (बिशप) असो की मजूर. वर क्रूस किंवा पवित्र ग्रंथ यांसारखी ख्रिस्ती चिन्हं ठेवता येतात, बाकी काही नाही. आदल्या संध्याकाळी जागरणाच्या वेळी टेबलावर हवं ते ठेवा. मग टेबलावर ओळंबा, थापी, गुण्या, पाणलेव्हलची नळी आणि अवजारांच्या पेटीचं झाकण मांडलं. झाकण एवढ्यासाठी, की त्याच्या आतल्या बाजूला बाबांनी येशूचे पालक पिता, सुतार संत योसेफ यांचं चित्र चिकटवलं होतं, सिमेंटच्या शिंतोड्यांनी निम्मं पुसलेलं.

संत योसेफांशी बाबांचं नातं वेगळंच होतं. 1955 साली पोप बारावे पायस यांनी 1 मे हा कामगार संत योसेफांचा सण म्हणून ठरवला, तेव्हा बाबा शाळकरी होते. ते म्हणायचे की आमच्या धंद्याला तेव्हा सण मिळाला. शुभवर्तमानांत योसेफांच्या तोंडचा एकही शब्द नाही. त्यांना स्वप्नात सांगितलं जातं आणि ते उठून तसं करतात, एवढंच. बाबांना हे फार आवडायचं. 8 डिसेंबर 2020 पासून पोप फ्रान्सिस यांनी संत योसेफांचं वर्ष जाहीर केलं, त्या वर्षभर बाबा रोज रात्री नातवंडांना व्हिडिओ कॉल करून योसेफांची प्रार्थना म्हणून घेत. धाकटा नातू अर्ध्यावर पेंगायचा. बाबा तेवढ्यापुरता आवाज हळू करायचे आणि प्रार्थना पुरी करायचे. संत योसेफ कामगारांचे आश्रयदाते आहेत तसेच सुखद मरणाचेही, कारण त्यांचं मरण येशू आणि मरियेच्या सोबतीत झालं असं चर्चची परंपरा मानते. बाबा दोन्हीसाठी त्यांनाच धरून होते.

त्यांचं मरण त्यांनी मागितलं होतं तसंच झालं. रुग्णाभ्यंगाच्या, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याच्या संस्काराच्या, वेळी आम्ही सगळे खोलीत होतो. आईने आपल्या सासऱ्यांच्या वेळचा जुना विधी पाहिला होता, तेव्हा डोळे, कान, नाक, ओठ, हात, पाय अशा एकेका अवयवाला तेल लावत. 1972 मध्ये पोप पॉल सहावे यांनी तो विधी बदलला, आता कपाळ आणि हात. फादरांनी बाबांच्या कपाळाला तेल लावलं, मग त्यांचे तळहात उघडायला घेतले. ओलं सिमेंट त्वचेला खातं. त्यातला क्षार इतका तीव्र असतो की वर्षानुवर्षं हाताळलं की हात फाटतात आणि भेगा कायमच्या राहतात. शिवाय बाबांची बोटं नीट उघडत नव्हती, थापी धरण्याइतकी वाकलेली राहायची. फादरांनी घाई केली नाही. बोटं एकेक करून सरळ केली आणि दोन्ही तळव्यांवर क्रूस काढला. पापातून मुक्त करणारा प्रभू तुझं तारण करो आणि तुला उठवो, अशा अर्थाचे शब्द त्या वेळी म्हणतात. 'आमेन' बाबांनी स्वतः म्हटलं. त्या भेगांमध्ये तेल उतरताना मी पाहिलं. हे मी लिहिलं आणि खोडलं, परत लिहिलं, शेवटी भाषणात घेतलं नाही. तीन मिनिटांत ते मावत नव्हतं, आणि ते वाचताना माझा आवाज टिकला नसता. इथे लिहिते आहे.

भाषणात जे घेतलं त्यातला मोठा भाग रविवारच्या पाण्याचा होता. स्लॅब ओतला की त्याला पाणी मारावं लागतं. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी त्याची जी क्रिया चालते तिने होतं, आणि ती दिवसेंदिवस चालते. निदान सात दिवस, जमेल तर त्याहून जास्त, काँक्रीट ओलं ठेवायचं. सात दिवसांत अठ्ठावीस दिवसांच्या ताकदीच्या साधारण दोन-तृतीयांश ताकद येते. मधे पाणी तोडलं तर पृष्ठभागाला तडे जातात आणि ताकद पुढे नीट वाढत नाही. म्हणजे स्लॅब कुठल्याही वारी ओता, पाण्याच्या दिवसांत रविवार येणारच. आणि बाबांकडे रविवारी काम बंद असायचं. अगदी बंद. घरमालक कितीही घाईला आला तरी. तिसरी आज्ञा, देवाचा दिवस पवित्र पाळण्याची, आपल्यासाठी आहे तशी मजुरांसाठीही आहे, त्यांनाही घरी मुलं आहेत, असं ते म्हणत.

मग पाणी कोण मारणार? बाबा स्वतः. कुणा मजुराला बोलवायचं नाही. पहाटे उठून, मिस्साच्या आधी, पाइप किंवा बादली घेऊन ते एकटे स्लॅबवर जात. विहिरीत पडलेला बैल शब्बाथ दिवशीही, विश्रांतीच्या दिवशीही, लगेच बाहेर काढाल ना, असं येशूने नियमांवर बोट ठेवणाऱ्या परूशांना विचारलं होतं, ते लूकच्या चौदाव्या अध्यायातलं उदाहरण ते द्यायचे. पाणी मारता मारता जपमाळेची गौरवाची पाच गूढं, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानासारख्या पाच घटनांचं मनन, व्हायची. रविवारी गौरवाची असतात. मग घरी येऊन अंघोळ, इस्त्रीचा सदरा आणि आम्हाला घेऊन चर्च. संध्याकाळी परत एक फेरी. मी काही वेळा त्यांच्याबरोबर गेले आहे. मोठा, ओला, काळपट स्लॅब, त्यावर विटांच्या तुकड्यांनी आणि मसाल्याने बांधलेले छोटे बांध, आणि त्या चौकोनांत साचलेलं पाणी. बाबा बांधांवरून पाय ठेवत चालायचे आणि प्रार्थनेचा आपला निम्मा भाग म्हणून थांबायचे, उरलेला मी म्हणावा म्हणून. श्रद्धा आणि काम यांच्यात कुठे आधी वाकायचं, हा प्रश्न त्यांना पडलाच नसेल असं मला वाटत नाही. त्यांनी तो दर आठवड्याला स्वतःच्या झोपेतून सोडवला, दुसऱ्या कुणाच्या रविवारातून नाही.

नातवंडांचं मी त्यांच्याकडूनच लिहून घेतलं. प्रत्येकाने एक वाक्य द्यायचं. बाबा दादाच्या मोठ्या मुलाचे आजोबाही होते आणि धर्मपिताही, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी त्याची जबाबदारी घेणारे धर्मपालक. आईवडिलांना आपल्याच मुलाचे धर्मपालक होता येत नाही, पण आजोबांना होता येतं. त्याचं वाक्य : "आजोबांनी मला दोरीला गाठी मारून काटकोन काढायला शिकवलं." तीन, चार आणि पाच भागांची दोरी, कोपऱ्यापासून एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला चार, आणि तिरकं अंतर बरोबर पाच भरलं तर कोन काटकोनात आहे. शाळेत पायथागोरसचं प्रमेय यायच्या कितीतरी आधी हा मुलगा अंगणात कोपरे मोजत हिंडत होता. ताईच्या मुलीचं वाक्य : "झोपायच्या आधी ते अंगठ्याने माझ्या कपाळावर क्रूस काढायचे आणि त्यांचा अंगठा खरखरीत होता." धाकट्याने वाक्य दिलं नाही, एक प्रश्न दिला : आजोबांनी बांधलेली घरं आता त्यांची कोण काळजी घेणार? तो प्रश्न मी तसाच वाचला. उत्तर जोडलं नाही, आणि चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसलेल्या दादाने मान हलवली.

मिस्साच्या दिवशी पेटी आत आणल्यावर पवित्र पाणी शिंपडलं, पांढरं वस्त्र नातवंडांनी चार कोपरे धरून पसरलं, आणि पास्काची, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाची, उंच मेणबत्ती पेटीजवळ जळत होती. तीच मेणबत्ती स्नानसंस्काराच्या वेळीही जळते. अर्पणाच्या वेळी भाकर आणि द्राक्षारस दोन नातवंडांनी नेला. माझी वेळ आली तेव्हा पाय थरथरत होते, पण कागद होता. समासातल्या नावांपासून सुरू केलं, मग भिंत, मग रविवारचं पाणी, मग मुलांची वाक्यं. भिंतीच्या गोष्टीच्या वेळी मी मागच्या बाकांकडे पाहिलं नाही. शेवटचं वाक्य असं होतं : 'ज्यांचं बाबांनी कधी मन दुखावलं असेल त्यांनी त्यांना क्षमा करावी, आणि सगळ्यांनी त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, अशी आम्हा सगळ्यांची विनंती आहे.' स्तुतीचं वाक्य एकही नव्हतं. मिस्सा संपल्यावर लोक आईकडे येऊन जे बोलत होते त्यावरून वाटलं की त्यांना बाबा दिसले.

कबरीपाशी विधी थोडक्यात झाला. ज्या मातीत जन्मभर पाया खणला तिच्यातच त्यांना ठेवलं. माती ओढायला दादाच्या हाताखालची माणसं पुढे आली आणि फावडं दुसऱ्या कुणाला धरू देईनात.

पुढच्या महिन्याभरात मला एक गोष्ट फार जाणवली. त्या तीन मिनिटांत जे मावलं नाही ते थांबत नाही. महिन्याच्या मिस्साला आणखी लोक भेटले, आणखी ऐकायला मिळालं. म्हणून मी एक जाड वही घेतली आहे आणि पहिल्या पानावर बाबांसारखाच छोटा क्रूस काढला आहे. नातवंडांसाठी आहे ती. नियम तोच ठेवलाय : विशेषणं नाहीत, काय घडलं तेवढंच, आणि ज्याच्याकडून ऐकलं त्याच्या परवानगीने. समासातल्या नावांची वेगळी यादी करून दादाला दिली. 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, ती सगळी नावं बाबांच्या नावाबरोबर मिस्साला द्यायची असं त्याने ठरवलं आहे. यादीतल्या काही जणांच्या घरच्यांना तो स्वतः जाऊन सांगणार आहे, कारण त्यांनाही हे माहीत नव्हतं. 1 ते 8 नोव्हेंबर या दिवसांत कबरस्तानात जाऊन मृतांसाठी प्रार्थना करण्याला चर्चमध्ये विशेष महत्त्व आहे. त्या आठवड्यात आई रोज जाणार, तिने सांगूनच ठेवलंय, आणि प्रत्येक दिवशी एक नातवंड तिच्याबरोबर असेल.

वहीसाठी अजून दोघांना भेटायचं आहे. एक सेंट्रिंगचे जुने मिस्त्री आहेत, दुसरे एक इंजिनिअर, आता निवृत्त. इंजिनिअर फोनवर म्हणाले की एका कमानीवरून त्यांचं आणि बाबांचं कडाक्याचं भांडण झालं होतं आणि ते शेवटपर्यंत मिटलं नाही. कमान कुठली आणि भांडण कशावरून, ते फोनवर सांगायला तयार नाहीत. मी त्यांना म्हटलं, मी येते, मला ते पूर्ण ऐकायचं आहे. पुढच्या आठवड्यात जाणार आहे, दादालाही घेऊन.